राजसत्तेची हिंसा पडद्यावर: एका देशाचे चित्रपट तपासून कसे पाहावेत

हुकूमशाहीवरच्या जगातल्या दहा उत्तम चित्रपटांची यादी घेऊन बसलं, तर शेवटी हाती एवढंच लागतं की हुकूमशाही वाईट असते. ते आधीही ठाऊक होतं. चिलीचा एक, कोरियाचा एक, इराणचा एक असं चाखत गेलं की त्या त्या दडपशाहीची घडण, तिचे कायदे, तिला हातभार लावणारी माणसं हे सगळं निसटतं. म्हणून देश एकच धरा. चार ते सहा चित्रपट, आठवड्याला एक, एवढा बेत पुरतो.

निवडताना चार जागा भरायच्या आहेत हे ध्यानात ठेवा. एक चित्रपट राजवट कोसळल्यावर लगेच, पाचेक वर्षांच्या आत केलेला. एक वीस वर्षं किंवा त्याहून उशिरा केलेला. एक माहितीपट. आणि एक खुद्द राजवटीने केलेला, निदान तिच्या परवानगीने आलेला. चौथी जागा बहुतेक जण रिकामी सोडतात आणि मग बाकीच्या तिघांना कशाला उत्तर द्यायचं होतं हेच कळत नाही. पाहण्याचा क्रम मात्र घटनांचा ठेवू नका, प्रदर्शनाच्या वर्षाचा ठेवा. सगळ्यात क्रूर चित्रपट पहिल्या आठवड्यात लावू नये. पुढचे संयत चित्रपट मग फिके वाटतात, आणि खरी मेख बहुतेक वेळा त्या संयत चित्रपटांतच असते.

आधी प्रत तपासा

प्रत बसण्याआधीच बघून घ्या. मूळ लांबी किती मिनिटांची आणि तुमच्या हातातली किती? कमी भरली म्हणजे कात्री लागली असं लगेच समजू नका. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो; युरोपीय दूरचित्रवाणीच्या पद्धतीच्या जुन्या डीव्हीडी २५ चौकटींनी चालतात. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो आणि एकही दृश्य गेलेलं नसतं. चार टक्क्यांहून जास्त तफावत असेल तेव्हा शोध सुरू करा. दक्षिण कोरियातल्या 'द प्रेसिडेंट्स लास्ट बँग' (२००५) या हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-हीच्या हत्येवरच्या चित्रपटातून न्यायालयाने सुरुवातीला खऱ्या चित्रफिती काढायला लावल्या होत्या. तो आदेश पुढे टिकला नाही. तुमची प्रत कोणत्या टप्प्यावरची आहे यावर चित्रपटाचा अर्थ बदलतो.

उपशीर्षकांचा एक नेहमीचा दगा: ती संवादांचीच असतात. मागे वाजणारा रेडिओ, भिंतीवरची घोषणा, टीव्हीवरचं निवेदन यांचं भाषांतर बहुधा नसतं, आणि राजसत्ता पडद्यावर पुष्कळदा त्याच वाटेने येते. दोन वेगळ्या उपशीर्षक-फाइल मिळाल्या तर ताडून बघा. भाषा जाणणारं कुणी मिळालं तर त्याला फक्त मागचे आवाज ऐकायला सांगा.

तीन रकाने

आता मुख्य काम. कागदावर तीन रकाने आखा: घटना कोणत्या वर्षाची, चित्रपट कोणत्या वर्षाचा, आणि चित्रपट आला तेव्हा गुन्हेगारांविषयीचा कायदा काय म्हणत होता. तिसरा रकाना भरल्याशिवाय पहिले दोन मुके राहतात.

अर्जेंटिना घेऊन बघू. २४ मार्च १९७६ ला लष्कराने सत्ता घेतली, डिसेंबर १९८३ मध्ये ती गेली. या काळात माणसं उचलली गेली आणि 'बेपत्ता' झाली. लुईस पुएन्सोचा 'द ऑफिशियल स्टोरी' एप्रिल १९८५ मध्ये आला. लष्करी मंडळाच्या नऊ सेनाधिकाऱ्यांवरचा खटलाही त्याच महिन्यात उभा राहिला. नायिका छळ सोसलेली नाही. ती इतिहास शिकवणारी, सुस्थितीतली बाई आहे, आणि आपली दत्तक मुलगी कुणाची असावी हा प्रश्न तिला पहिल्यांदा पडतो. छळाची हकीकत तिची मैत्रीण सांगते. ती आपल्याला ऐकू येते, दिसत नाही. १९८५ च्या प्रेक्षागृहात सात वर्षं गप्प बसलेली माणसं बसणार होती, आणि पटकथेने नेमकी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली: 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणणाऱ्याची खुर्ची. यात हुशारी आहे आणि सवलतही आहे. दोन्ही टिपून ठेवा.

पुढे नव्या खटल्यांना मुदत घालणारा १९८६ चा 'पूर्णविराम' कायदा आला, हुकूम पाळला म्हणून खालच्या अधिकाऱ्यांना सोडणारा १९८७ चा 'आज्ञापालन' कायदा आला, १९८९-९० मध्ये राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी माफी दिली. शिक्षा झालेले सेनाधिकारी बाहेर आले. मार्को बेकिसचा 'गाराज ओलिम्पो' (१९९९) या हवेत आला. बेकिस स्वतः १९७७ मध्ये उचलले गेले होते. इथे कॅमेरा तळघरात उतरतो, आणि छळ करणारा तरुण हा नायिकेच्याच घरात भाड्याने राहणारा निघतो. मध्ये मध्ये वरून दिसणारं ब्वेनोस आयरेस येतं. रहदारी सुरळीत चाललेली. न्यायालयाचं दार बंद असताना केलेल्या या चित्रपटात न्यायाधीश शोधू नका. ती जागा रिकामीच आहे.

२००३ मध्ये संसदेने ते कायदे रद्दबातल केले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, खटले पुन्हा सुरू झाले. बेंहामिन नाइश्तातचा 'रोहो' (२०१८) या नंतरचा, आणि तो चक्क सत्तापालटाच्या आधी जातो, १९७५ मध्ये. पहिल्याच दृश्यात एक घर दिसतं आणि माणसं त्यातून एकेक वस्तू घेऊन शांतपणे बाहेर पडतात. लष्कर अजून यायचंय. लूट सुरू झालेली आहे. सान्तियागो मित्रेचा 'अर्जेंटिना, १९८५' (२०२२) थेट त्या खटल्याचा, सरकारी वकील स्त्रासेरा आणि त्याच्या कोवळ्या सहकाऱ्यांचा. ८३३ साक्षी झालेला खटला दोन-सव्वादोन तासांत बसवताना वकिलाला नायक करणं सोपं पडतं. त्यात लष्करानंतर निवडून आलेलं अल्फोन्सिन सरकार आणि बेपत्तांचा चौकशी आयोग यांचं काम मागे गेलं, ही टीका खुद्द त्याच देशात झाली.

म्हणजे एकाच हिंसेचे चार चेहरे: न कळलेली बाई, तळघर, हपापलेले शेजारी, न्यायालय. ते बदलायला दिग्दर्शकाची प्रतिभा कारण आहेच, पण तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवल्याशिवाय 'याच वेळी हाच चेहरा का' हे सांगता येत नाही. तुमच्या देशाचा तक्ता असाच भरा. दोन चित्रपटांत दहा वर्षांहून मोठी पोकळी दिसली तर तीही एक नोंद आहे. तेव्हा कोण सत्तेवर होतं ते लिहा.

परवानगी कुणाची, पैसा कुणाचा

श्रेयनामावली शेवटपर्यंत बघा. जोशुआ ओपनहायमरच्या 'द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग' (२०१२) या इंडोनेशियातल्या १९६५-६६ च्या कत्तलीच्या मारेकऱ्यांवरच्या माहितीपटात तिथल्या सहकाऱ्यांच्या नावांच्या जागी ओळीने 'अनामिक' येतं. इराणच्या मोहम्मद रसूलोफच्या 'मॅन्युस्क्रिप्ट्स डोन्ट बर्न' (२०१३) मध्ये दिग्दर्शकाखेरीज कुणाचंच नाव नाही. हिंसा संपलेली नाही, हे अशी नामावली कुठल्याही संवादापेक्षा स्पष्ट सांगते.

चोरून केलेल्या चित्रपटाची बांधणी त्या चोरीतून येते. रसूलोफचा 'देअर इज नो ईव्हिल' (२०२०) हा चार स्वतंत्र गोष्टींचा आहे, कारण लघुपट म्हणून चित्रीकरण केलं की यंत्रणेचं लक्ष कमी जातं. गाड्यांमधले प्रसंग, बंद खोल्या, शहरापासून दूरची घरं या गोष्टी इराणी चित्रपटांत दिसल्या की लगेच 'कवितामय' म्हणू नका. आधी विचारा, इथे चित्रीकरण करणं सुरक्षित होतं का?

राजवटीच्या नाकाखाली, सेन्सॉरमधून पार झालेल्या चित्रपटात रूपक असतं, आणि रूपकाशी वागताना सगळ्यात जास्त चुका होतात. हे पात्र म्हणजे अमुक नेता, ती मधमाश्यांची पेटी म्हणजे देश, अशी जोडी लावत बसलं की चित्रपट शब्दकोडं होतो. तेंगिझ अबुलाद्झेच्या 'रिपेंटन्स' या सोव्हिएत चित्रपटातल्या वर्लाम या जुलमी नगरप्रमुखाला हिटलरची मिशी, मुसोलिनीचा काळा सदरा आणि स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याचा नाकावरचा चष्मा आहे. एका चेहऱ्यावर बोट ठेवता येऊ नये अशीच ती रचना आहे. हा चित्रपट १९८४ मध्ये तयार झाला आणि १९८७ मध्ये लोकांसमोर आला. अशा वेळी दोन्ही वर्षं तक्त्यात घाला. पोलंडचा 'इंटरॉगेशन' १९८२ मध्ये पूर्ण झाला, बंदी उठली १९८९ मध्ये. मधली सात वर्षं तो व्हिडिओ कॅसेटवरून हातोहात फिरला. आपल्याकडच्या 'किस्सा कुर्सी का' च्या प्रिंट आणीबाणीत नष्ट केल्या गेल्या, तो १९७८ मध्ये नव्याने करावा लागला आणि त्यावरून खटला चालला. इथे चित्रपटापेक्षा त्याची फाइल जास्त बोलते, आणि खरं सांगायचं तर ती जास्त रंजकही आहे.

एक प्रसंग, तीन वेळा

सगळ्या चित्रपटाची बारीक नोंद करायला जाऊ नका. दुसऱ्या आठवड्यात हात टेकाल. हिंसेचा, अटकेचा किंवा चौकशीचा एकच प्रसंग निवडा, पाच ते दहा मिनिटांचा. तो तीनदा बघा: एकदा सरळ, एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. प्रत्येक शॉटला एक ओळ. शॉट किती सेकंदांचा, कॅमेरा कुणाच्या उंचीवर, चौकटीत कोण, चौकटीबाहेर काय घडतंय, आवाज कुठून येतोय.

मग सेकंदांना शॉटच्या संख्येने भागा. सहा मिनिटांच्या प्रसंगात ९० शॉट असतील तर सरासरी चार सेकंद, १२ असतील तर तीस. चार सेकंदांच्या प्रसंगात प्रेक्षक सहसा थरारात असतो, तीसच्या प्रसंगात त्याला चुळबुळत बसावं लागतं. यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असा नियम नाही. पण छळाचा प्रसंग पाठलागाच्या लयीत कापलेला असेल तर तो का, याचं उत्तर चित्रपटात सापडलं पाहिजे.

पाठ करून ऐकताना बहुतेकांना पहिल्यांदा जाणवतं की हिंसा कानांनी दाखवलेली असते. 'गाराज ओलिम्पो' मध्ये किंकाळ्या बुडवायला रेडिओ मोठा करतात. अर्जेंटिनाच्या कोठड्यांत हे प्रत्यक्ष घडत होतं. कॅमेरा छळ करणाऱ्याच्या खांद्यामागे उभा आहे की बळीच्या डोळ्यांवरच्या पट्टीच्या आत आहे, हेही इथेच कळतं. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाची गोष्ट सांगताना खोलीचं पूर्ण, स्वच्छ दृश्य दिसत असेल, तर ते कुणाच्या नजरेतून? खोलीत पट्टी नसलेला माणूस एकच असतो.

हुकमाची साखळी

आठ चौकोन काढा: हुकूम देणारा, सही करणारा, हात चालवणारा, गाडी चालवणारा, डॉक्टर, नोंद टाइप करणारा, आवाज ऐकलेला शेजारी, आणि नंतर 'असं काही झालंच नाही' म्हणणारा. प्रत्येक चौकोनात त्या माणसाला पडद्यावर मिळालेली मिनिटं लिहा. अचूक नको, अंदाजे चालतील.

बहुसंख्य चित्रपटांत तिसरा चौकोन तुडुंब भरतो आणि बाकीचे सात कोरडे राहतात. एक विकृत अधिकारी, त्याचं विचित्र हसू, त्याचे चकाकते बूट. असा खलनायक उभा केला की प्रेक्षक सुटतो आणि यंत्रणाही सुटते, कारण त्या माणसाला हटवलं की प्रश्न मिटला असं वाटतं. राजसत्तेच्या हिंसेवरच्या चित्रपटाचा कस कोरड्या चौकोनांपैकी किती भरले यावर लावावा, असं आमचं ठाम मत आहे. रक्त किती दिसलं यावर नव्हे.

पाब्लो लाराइनच्या 'पोस्ट मॉर्टेम' (२०१०) चा नायक चिलीची राजधानी सान्तियागोच्या शवागारात शवविच्छेदनाच्या नोंदी टाइप करणारा कर्मचारी आहे. सहावा चौकोन अख्ख्या चित्रपटाच्या मध्यभागी. 'देअर इज नो ईव्हिल' ची पहिली गोष्ट एका माणसाची घरगुती कामं इतक्या निवांतपणे दाखवते की प्रेक्षक कंटाळतो, आणि मग तो कामावर जाऊन एक बटण दाबतो. ली चांग-डोंगचा 'पेपरमिंट कँडी' उलटा चालतो, १९९९ पासून १९७९ कडे. छळ करणारा पोलीस आधी भेटतो. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरातला लोकशाहीचा उठाव चिरडायला पाठवलेला घाबरलेला कोवळा सैनिक नंतर. सरळ क्रमाने सांगितलं असतं तर दया आधी आली असती आणि अपराध तिच्या आड गेला असता. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये तर तिसरा चौकोन जवळजवळ रिकामाच आहे. लांबून लावलेला स्थिर कॅमेरा, पुढची तारीख, पुन्हा पुढची तारीख. कुणी हात उगारत नाही आणि लोकशाहीर तुरुंगात राहतो.

उलट बाजूचा सापळाही आहे: सज्जन अधिकारी. 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' (२००६) मध्ये पाळत ठेवणारा श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, अधिकारी लेखकाला वाचवतो. बर्लिनमध्ये श्टाझीच्या जुन्या तुरुंगात उभ्या असलेल्या होहेनशोनहाउझेन स्मारकाच्या संचालकांनी तिथे चित्रीकरणाला परवानगी नाकारली होती. श्टाझीच्या माणसाला नायक करणं त्यांना मान्य नव्हतं आणि असं वागल्याचं उदाहरण नाही असा त्यांचा आक्षेप होता. चित्रपट उत्तम बांधलेला आहे, आक्षेपही बिनतोड आहे. चर्चेत दोन्ही एकत्र ठेवता आले पाहिजेत.

जुनी फीत की नवी

'द बॅटल ऑफ अल्जियर्स' (१९६६) वार्तापटासारखा दाणेदार दिसतो, पण ते सगळं नव्याने चित्रित केलेलं आहे. लाराइनच्या 'नो' (२०१२) ने जुने यू-मॅटिक व्हिडिओ कॅमेरे वापरले, म्हणून हुकूमशहा पिनोचेटला ठेवायचं की नाही यावरच्या चिलीतल्या १९८८ च्या सार्वमतातल्या खऱ्या जाहिराती आणि नवे प्रसंग यांतला सांधा दिसत नाही. ओळखायच्या तीन खुणा: एकाच क्षणाला दोन बाजूंनी कॅमेरा आहे का (बातमीदार एकटा असतो), गर्दीतला संवाद नको इतका स्वच्छ ऐकू येतोय का, आणि कॅमेरा घटनेच्या आधीच योग्य जागी पोचलेला आहे का. तिन्ही 'हो' असतील तर फीत बहुधा नवी.

खरी फीत कशी असते ते पात्रिसिओ गुस्मानच्या 'द बॅटल ऑफ चिली' मध्ये आहे. २९ जून १९७३ ला लेओनार्दो हेन्रिकसेन हा कॅमेरामन त्याच्याकडे बंदूक रोखणाऱ्या सैनिकाला टिपत राहतो, गोळी लागते, चौकट ढळते. याच माहितीपटाचा छायाचित्रकार होर्हे म्युलर १९७४ मध्ये उचलला गेला आणि परत आला नाही. गटाला हे दाखवायचं असेल तर आधी सांगा. अशी दृश्यं अचानक समोर आणू नयेत, आणि ती थांबवून, मागे नेऊन दाखवण्याचीही गरज नसते.

अहवालाशी ताळा

पुष्कळ देशांत चौकशी आयोगाचा अहवाल असतो: अर्जेंटिनात १९८४ चा, चिलीत १९९१ चा रेत्तिग आणि २००४ चा वालेच, ब्राझीलमध्ये २०१४ चा. चित्रपटाच्या शेवटी येणाऱ्या पाटीवरचा आकडा कोणता, ते आधी बघा. अर्जेंटिनाच्या आयोगाने सुमारे ९ हजार बेपत्ता नोंदवले, मानवाधिकार संघटना ३० हजार म्हणतात. पाटीवर कोणता आकडा आला यावरून चित्रपट कुणाच्या शेजारी उभा आहे ते कळतं. चिलीच्या रेत्तिग अहवालात २,२७९ मृत व बेपत्ता आहेत, तर वालेच आयोगाने राजकीय कैद आणि छळ सोसलेले २७ हजारांहून अधिक लोक मान्य केले. जिवंत राहिलेले दहापटीहून जास्त. तुमच्या चित्रपटांत ते किती दिसतात?

चुका शोधताना तीन ढीग करा. काळ आवळणं: तीन वर्षांचं तीन दिवसांत. माणसं एकत्र करणं: पाच साक्षीदारांचं एक पात्र. आणि जबाबदारी सरकवणं. पहिले दोन क्षम्य आहेत, त्यांवर वेळ घालवू नका. तिसरा ढीग खरा. 'नो' मध्ये पिनोचेटविरोधातला विजय जाहिरातवाल्यांचा वाटतो. घरोघर फिरून मतदार नोंदवणारे कार्यकर्ते दिसत नाहीत, ही चिलीत झालेली टीका याच ढिगात जाते.

राजवटीचा स्वतःचा चित्रपट

आता ती चौथी जागा. इंडोनेशियात १९८४ मध्ये सरकारने ३० सप्टेंबर १९६५ च्या रात्री झालेल्या सेनाधिकाऱ्यांच्या हत्येवर चार तासांहून लांब चित्रपट करून घेतला. हुकूमशहा सुहार्तो जाईपर्यंत तो दरवर्षी त्याच तारखेला दूरचित्रवाणीवर लागत असे आणि शाळकरी मुलांना दाखवला जात असे. त्यात हिंसा भरपूर आहे: सेनाधिकाऱ्यांची हत्या, रक्त, कम्युनिस्टांची क्रूर चित्रं. नंतरच्या महिन्यांत मारली गेलेली किमान पाच लाख माणसं त्यात नाहीत.

या चित्रपटालाही तीच आठ चौकोनांची आकृती, तोच एक प्रसंग, तीच सेकंदांची सरासरी लावा. 'प्रचारपट' म्हणून हातावेगळा करू नका. कारागिरी कुठे चांगली आहे ते प्रामाणिकपणे लिहा, कारण परिणाम तिनेच साधलेला असतो. एकटा दाखवून लोकांना घरी पाठवू नका. त्याच आठवड्यात 'द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग' किंवा त्याच दिग्दर्शकाचा 'द लुक ऑफ सायलेन्स' (२०१४) ठेवा, दोन्हींमध्ये निदान एक दिवस जाऊ द्या, आणि दोन्हींच्या नोंदी एकाच कागदावर शेजारी शेजारी घ्या. सरकारी चित्रपटात कुणाच्या मृत्यूला संगीत दिलंय आणि कुणाच्या मृत्यूला चौकटसुद्धा मिळालेली नाही, या दोन ओळी आधी भरा. चर्चा तिथून सुरू करा.